पाच नंबरचा दगड

टपरीवर माणसं काय वाट्टेल ते बोलतात, मी कान देत नाही. पण त्या शुक्रवारी सकाळी एक डंपरवाला म्हणाला, "जुन्या रस्त्याला पाण्याच्या पाइपासाठी जेसीबी लावलाय, पाच नंबरच्या दगडापासून माप धरून खणतायत," आणि माझ्या हातातला चहाचा ग्लास हातातच राहिला.

"दगडापासून? त्या हिरव्या डोक्याच्या?" मी विचारलं.

"हो. त्याच्यापुढे ऐंशी मीटरवर गॅसची लाइन रस्ता ओलांडते म्हणे. तेवढी जागा सोडून बाकी सगळं मशीनने."

मी ग्लास ठेवला आणि घरी येऊन स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. बायको शहाबानो म्हणाली, "आज जुम्मा आहे, कपडे काढून ठेवलेत, आणि तुम्ही कुठे निघालात?" मी म्हटलं, "माझ्या पापाकडे." तिला वाटलं मी नेहमीसारखा चिडून बोलतोय. अल्ला शप्पथ, त्या दिवशी मी खरं बोलत होतो.

मी मुबारक. बत्तीस वर्षं सरकारी रस्त्यावर, त्यातली अठरा मुकादम म्हणून. पनवेलहून कोन गावाच्या बाजूने आत फुटणारा तो रस्ता तेव्हा राज्यमार्ग होता. माझे वडील सांगायचे, त्याआधी तिथे नुसती बैलगाडीची वाट होती. मग मुरूम पडला, मग खडी, मग डांबर. दर किलोमीटरला दगड, डोकं हिरवं. हिरवं म्हणजे राज्यमार्ग. दिवाळीआधी आमची गँग झाडांना चुना-गेरू मारायची आणि दगडांना रंग. एसटीचे ड्रायव्हर आम्हाला हात करायचे. मग एक्स्प्रेसवे आला, मोठे रस्ते आले, आणि एका कागदावर आमच्या रस्त्याचा राज्यमार्ग संपला. आधी तो जिल्ह्याचा झाला, मग अर्धा पालिकेचा, आणि आता नेमका कुणाचा ते विचारायला गेलं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो. न्हावा शेव्याचे ट्रेलर मात्र त्याच्या कडेला रांग लावून झोपतात. जिल्ह्याच्या रस्त्याचं डोकं काळं असतं, पण हिरवी डोकी काळी करायला कुणी आलं नाही. मधले दोनशे मीटरचे छोटे दगड लोकांनी कधीच कपडे धुवायला नेले. गॅसवाल्यांचा पिवळा खांब होता, तो ट्रेलरने उडवला. जुन्या मापातलं उरलं काय, तर ते मोठे दगड.

आणि पाचचा दगड मी हलवला होता.

झालं असं. पाच नंबर बरोबर ठमाबाईच्या दारासमोर होता. ठमाबाई आगरी, नवरा मिठागरावर कामाला, दोघं गरीब पण जिवाला जीव देणारी. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की दारासमोर धोंडा उभा आहे, घराला वेध आहे. ती माझ्याकडे येऊन रडली, "मुबारकभाय, तुमचा सरकारी धोंडा माजी पोरां खातो." आमच्यात वेध-बिध मानत नाहीत. पण बाई रडते म्हटल्यावर मी काय किताब उघडून बसणार? उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी आणि गँगमधला दयाराम, दोघांनी पहारी लावून दगड उपटला आणि बेचाळीस पावलं पुढे नेऊन पुरला. मोजून बेचाळीस. माझं पाऊल अडीच फुटांचं, साहेबाच्या टेपपेक्षा खरं. पुढच्या वर्षी तिला किशोरी झाली आणि जगली. ठमाबाईने मला कोंबडा दिला आणि दयारामला नारळ. मी म्हटलं, एका दगडाने कुणाचं काय बिघडतंय?

गॅसची लाइन त्याच्या दोन वर्षं आधी पडलेली, हे मला ठाऊक होतं. पण तिचं माप दगडावरून लिहिलंय हे मुकादमाला कोण सांगणार?

जागेवर पोचलो तेव्हा जेसीबी धुरळा काढत होता. डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेला पंचविशीतला पोरगा नकाशा धरून उभा. त्याचं नाव शैलेश, कंत्राटदाराचा इंजिनिअर. मी स्कूटर लावली आणि थेट सांगितलं, "बाळा, मशीन बंद कर. तुझा दगड खोटा आहे."

त्याने आधी माझी दाढी पाहिली, मग माझी स्कूटर. "चाचा, दगड कसा खोटा असेल? सरकारी आहे."

"सरकारीच खोटा आहे. सरकार म्हणजे मी होतो."

सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगतो. घाम मात्र पुसला. "गॅसवाल्यांचं शोधायचं मशीन सोमवारी येणार. साहेब म्हणतात तोवर थांबू नका. नऊ नंबरवर दुसरा जेसीबी चालू आहे, तिकडे माझ्याहून पुढे गेलेत."

"साहेबाला खड्ड्यात उतरव मग," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, आयुष्यभर तिने मला प्रमोशन मिळू दिलं नाही.

शेवटी तो राजी झाला. दगडापासून मी बेचाळीस पावलं मागे गेलो, घरं सगळी नवी म्हणून ठमाबाईचं दार शोधत बसलो नाही, तिथून त्याने टेपने ऐंशी मीटर पुढे धरले, चार मजूर कुदळ-फावडं घेऊन लावले. मशीन बंद. दोन तास खणलं. चार फूट गेले, पाच गेले, सहा गेले. पिवळी माती, मुरूम, एक तुटकी चप्पल. पाइपाचा पत्ता नाही. दोन्ही बाजूंना हात-दोन हात सरकून पाहिलं, तेच.

शैलेशचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा त्याने नुसतं "हो सर, हो सर" केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाचा, वय झालं की आठवणीत गल्लत होते. जावा, नमाजची वेळ होईल." जेसीबीवाल्याने कानात वायर खुपसली आणि मशीन चालू केलं.

माझी गल्लत? मी दगडाजवळ गेलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. हा माझ्या हाताने पुरलेला दगड नव्हताच. म्हणजे दगड तोच, पण मी पुरताना तोंड पनवेलकडे ठेवलं होतं, इथे ते शेताकडे वळलेलं. आणि ठमाबाईच्या दिराची, काशिरामची नवी भिंत बरीच मागे राहिलेली. ठमाबाईच्या दारातून हललेला धोंडा काशिरामच्या दारात गेला असणार. आणि काशिरामला काय पोरं नव्हती? त्यानेही हलवला. त्याच्या शेजाऱ्यानेही हलवला असेल. किती वेळा, कुणीकडे, कोण सांगणार? माझी बेचाळीस पावलं पाण्यात गेली.

मग आठवलं. दगड उपटताना त्याचा पाया निघाला नव्हता. खाली सिमेंटचा गोळा होता, दयारामने पहार वाकवली तरी हलला नाही, म्हणून वर माती ओढून आम्ही तसाच सोडला. दगड फिरला, पण पाया फिरणार नाही. पाया सापडला तर पाइप सापडला.

पण ठमाबाईचं कौलारू घर कुठे राहिलं होतं! विचारत गेलो तर त्या जागी स्लॅबचं घर, साइडपट्टीवर दहा फूट पुढे आलेलं, दार बगलेला. जुन्या खाणाखुणा पार पुसलेल्या. मी हाक मारली. ठमाबाई बाहेर आली, केस सगळे पांढरे. मला बघून इतकी खूश झाली की माझंच मन कसंनुसं झालं. "मुबारकभाय! बसा, चाय ठेवते." आत गेली आणि गॅसची शेगडी पेटवल्याचा आवाज आला. मागून किशोरी आली, हात कमरेवर, पोट पुढे. बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना.

मी म्हटलं, "ठमाबाई, चहा राहू दे. धोंड्याखाली सिमेंटचा पाया होता, आठवतो? घर बांधताना लागला असेल. कुठे आहे?"

तिचा चेहरा एकदम मिटला. "नाय आठवत."

"आठव."

"नाय आठवत म्हनलं ना!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी धोंडा परत आनाल. सरकार परत तितंच पुरेल. पोर सातव्या महिन्यात हाय, मुबारकभाय. माजी दोन गेली ती मी इसरले नाय."

मला राग आला, तिचा नव्हे, माझाच. सत्तावीस वर्षांपूर्वी मी तिला सांगायला हवं होतं की पोरं तापाने गेली, पनवेलला डॉक्टरकडे चल. त्याऐवजी मी दगड हलवला आणि तिला पटवून दिलं की धोंडाच पोरं खात होता. बाहेर जेसीबीचा आवाज पुढे पुढे सरकत होता.

"ऐक," मी म्हटलं. "धोंडा मी आणणार नाही. माझी जबान. तिकडे जमिनीत गॅसची नळी आहे, तुझ्या शेगडीतल्या गॅसच्या हजारपट गॅस. ते आंधळेपणाने खणतायत. नळी फुटली तर धोंड्याचा वेध राहू दे, घरच राहणार नाही. तू, किशोरी, पोटातलं, कुणी नाही."

किशोरी बोलली. "आये, ओट्याखालचा तो दगूड? ज्याच्यावर तू शेगडी ठेवलीस?"

ठमाबाईने पदर तोंडात धरला. मग हळूच म्हणाली, "तोच. निघंना, मंग त्याच्यावरच ओटा बांधला."

आत जाऊन पाहिलं. ओट्याच्या खाली, राखाडी, माझ्या ओळखीचा गोळा. वर निळी ज्योत आणि चहाचं पातेलं. मी ज्योत बंद केली, सिलिंडरची चावी फिरवली आणि म्हटलं, "दोघी मागच्या दाराने शेतात जा. आत्ता. चपला शोधू नका."

आणि पावलं मोजत निघालो. ऐंशी मीटर म्हणजे माझी एकशे पाच पावलं. गुडघे दुखतात, तरी पाऊल अडीच फुटांचं ठेवलं. साठ. सत्तर. समोर धुरळा. ऐंशीला कळलं की मोजायची गरज नाही. मशीन त्याच जागी उभं होतं.

मी धावलो. सदुसष्टाव्या वर्षी माणूस धावतो त्याला धावणं म्हणायचं का, ठाऊक नाही. ओरडलो, तर जेसीबीवाल्याच्या कानात वायर. डोक्यावरची टोपी काढून काचेवर फेकली. बकेट खाली जात होती, ती तशीच खाली गेली, जमिनीत घुसली, आणि मग त्याने मला पाहिलं आणि हात वर केला.

बकेट वर आली तेव्हा तिच्या दातांत पिवळी प्लास्टिकची पट्टी लोंबत होती. तिच्यावर लाल अक्षरं: सावधान, खाली गॅस पाइपलाइन. ही पट्टी पाइपाच्या हातभर वर पुरतात. खाली बघितलं, पट्टी फाटलेली आणि त्याखाली काळा पाइप, अंगावर ताजा चकचकीत ओरखडा. फुटला नव्हता. फुटला नव्हता! मी तिथेच मातीत बसलो आणि पहिल्यांदा मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं.

शैलेशने मशीनची चावी काढून खिशात घातली, माझी टोपी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. मग नकाशा उघडून, बोटाने रेघ धरून पुढे नेत म्हणाला, "चाचा, हीच लाइन नऊ नंबरपाशी परत रस्ता ओलांडते. तिकडे पण दगडावरूनच माप आहे. बाकीचे दगड तरी जागेवर आहेत ना?"

एकाचं ऐकलं की दहा येतात. ठमाबाईला पोर झालं ही गोष्ट त्या रस्त्याने माझ्याआधी गावोगाव गेली होती. नऊ नंबर शाळेच्या फाटकात होता, पोरं ठेचकाळायची. गुरुजी स्वतः आले होते, हात जोडून. मी पहार घेऊन गेलो होतो, दयारामही होता. आणि त्या दिवशी मी पावलं मोजली नव्हती.

"नऊवाल्याला फोन लाव," मी म्हटलं.

त्याने लावला. स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.