खडूची फुली

गेल्या दुर्गापूजेला डमडमच्या आमच्या गल्लीत विहिरी उगवल्या. मी थापाड्या आहे, हे आमची सुधा तुम्हांला सांगेलच. पण या हकिगतीत थाप एकच आहे, आणि ती आली की तुमची तुम्हांला कळेल.

विहिरी रंगवल्या आभाने. मंडपाची सजावट तिच्याकडे होती. गल्लीच्या मधोमध गटाराचं गोल लोखंडी झाकण, ते काही केल्या लपेना. मग तिने झाकणावरच एक विहीर काढली आणि त्याच मापाच्या आणखी विहिरी गल्लीभर. आत उतरत जाणाऱ्या विटा, तळाशी काळं पाणी. सजावटीच्या स्पर्धेचा फोटो आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून निघणार होता, म्हणून तिने तिथल्या फरशीवर खडूने फुली मारली.

"मेशोमोशाय, इथे उभे राहा, एक डोळा मिटा," ती म्हणाली. तिच्या बंगालीत मी मेशोमोशाय, म्हणजे काका. "दोऱ्या ताणून प्रत्येक वीट मी या एका बिंदूशी जुळवली आहे. इथून सरकलात की सगळं मोडेल."

मी डोळा मिटला आणि कठडा घट्ट धरला. खाली जमीनच नव्हती.

स्वतः घाबरलेला माणूस दुसऱ्याला घाबरवल्याशिवाय राहत नाही. सकाळभर मी वरून ओरडत होतो, "ओ दादा, शाबधान! पोडे जाबेन!" म्हणजे, सांभाळा, पडाल! माणसं दचकून एका पायावर थांबायची, मग वर बघून हसायची. आमची नात नूपुर खाली होती. ती तर या विहिरीतून त्या विहिरीत उड्या मारत होती.

"आजोबा, बघ! मी बुडली!"

"बुडालीस तर वर ये, जेवायची वेळ झाली!"

तेवढ्यात सुधा ओली चादर घेऊन आली. "अहो, सरका बाजूला. तो फोटोवाला यायच्या आत वाळू दे एकदाची." कोपराने ढकलून तिने मला फुलीवरून पार टोकाला नेलं.

आणि सगळ्या विहिरी मोडल्या. विटा लांबल्या, तोंडं वेडीवाकडी झाली, पाणी रस्त्यावर सांडल्यासारखं दिसू लागलं. नुसता रंग. आभा म्हणाली होती तसंच. मला गंमत वाटली.

एक विहीर मात्र मोडली नाही.

मी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. बाकीच्या आणखी बिघडल्या. ही गोल ती गोलच. उलट मी सरकलो तशी तिच्या आतली दुसरी भिंत दिसू लागली. रात्रीच्या पावसाचं पाणी तुंबलं होतं, ते जावं म्हणून कुणीतरी झाकण काढलं होतं. आभाची विहीर भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या जागी खरं भोक उघडं होतं.

नूपुर त्याच्यापासून दोन उड्यांवर.

"नूपुर, थांब! ती खरी आहे!"

"आजोबा, तू सकाळपासून झूठ बोलतोस!"

"अगं, शपथ!"

तिने उडी मारली. आता एकच उरली.

मी चप्पल काढून त्या भोकाकडे फेकली. नेम चुकला. ती रंगवलेल्या विहिरीच्या मध्यावर फट्‌दिशी पडली आणि तिथेच राहिली. पोरीने टाळ्या वाजवल्या. "बघ! तुझी चप्पलपण नाही बुडली!" तिने हात मागे घेतले, गुडघे वाकवले.

खिडकीत चकल्यांचा डबा होता, स्टीलचा, आभासाठी भरलेला. सुधा ओरडली, "अहो, डबा!" तोवर तो माझ्या हातातून सुटला होता.

डबा विहिरीत गेला. खणखणाट नाही. काहीच नाही. सगळी गल्ली कान देऊन उभी, आणि मग खूप खालून आवाज आला, डुबुक.

नूपुर तशीच वाकलेली राहिली. मग रडू लागली. पाऊल उचलेना; पुढेही नाही, मागेही नाही. मी छत्री घेऊन खाली धावलो. वाटेत होत्या त्या सगळ्या खोट्या, मला पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येकीत छत्रीचं टोक आपटल्याशिवाय माझं पाऊल पडेना. तिला उचललं तेव्हा तिची नखं माझ्या मानेत रुतली होती.

पुढे तो डबा पार लांब नदीकाठी, बजबजच्या घाटावर एका कोळ्याला मिळाला. चकल्या अजून कुरकुरीत होत्या.

संध्याकाळी झाकण परत बसलं. फोटोवाला आला, फुलीवर उभा राहिला, डोळा मिटला. "वा! अपूर्व!" मग तो अडखळला. "पण ती मधली एक विहीर नीट येत नाहीये. विटा उलट्या दिसतात. तेवढी खोटी वाटते."

झाकण गोल, फिरवून बसवलं होतं.

"आभा, जरा जाऊन सरळ करता का?"

आभाने माझ्याकडे पाहिलं. मी सुधाकडे. नूपुरने सुधाचा पदर तोंडावर ओढून घेतला. खालच्या पोरांनाही ऐकू गेलं होतं, पण झाकणाकडे कुणी फिरकलं नाही.

"राहू दे," सुधा म्हणाली. "तशीच काढा."