चौकशीला आलेला माणूस

रविवारी सकाळी सुमतीबाई आपल्या एकतीस वर्षांच्या मुलाच्या शर्टाची बटणं लावत होत्या. श्रीपाद हात बाजूला धरून छताकडे बघत उभा होता. डोंबिवलीतल्या त्या घरात हे रोजचंच होतं.

"आई, त्याला येतात बटणं लावता," त्यांची सून हेमा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"येत असतील हो. पण मी आहे ना अजून. माझ्यामागे तू आहेसच."

हेमाने पोह्यांवर झाकण आदळलं.

शहाण्णव साली तिला बघायला आले, तेव्हा श्रीपाद दहा मिनिटं चहाच्या कपाकडे बघत बसला होता. "जरा अबोल आहे," सुमतीबाई म्हणाल्या होत्या. लग्नानंतर पंधरा दिवसांत सगळं कळलं. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून खाली बसे. एकच वाक्य चाळीसदा म्हणे. 'अहो' अशी हाक मारली तर कोणाला बोलावलं म्हणून मागे वळून बघे, तेव्हापासून ती त्याला नावानेच हाक मारू लागली. ती कल्याणला माहेरी निघून गेली, तर वडील म्हणाले, "पीत नाही, मारत नाही. आणखी काय हवं तुला?" आणि स्वतः रिक्षाने आणून सोडून गेले.

तिने कदाचित निभावून नेलं असतं. पण एके दिवशी सुमतीबाईंचं जिन्यातलं बोलणं तिच्या कानावर पडलं. त्या शेजारणीला सांगत होत्या, "ह्याचं करायला बाई ठेवली असती तर टिकली नसती. म्हटलं, सूनच आणू."

त्या दिवशी हेमाने ठरवलं, ज्या फुकटच्या बाईसाठी हे सगळं केलं, तिची गरजच ह्या घरात उरू द्यायची नाही.

मुंबईच्या एका डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला आणि पुण्याच्या एका संस्थेचा पत्ता दिला. तिथल्या बाई अशा मुलांना नोकरीसाठी तयार करत. लांब राहणाऱ्यांना इंटरनेटवरून शिकवत. आठवड्यातून दोनदा हेमा त्याला सायबर कॅफेत घेऊन जाई. घरी सांगे, देवळात जातोय. ते खोटं ठरू नये म्हणून श्रीपाद तिला आधी देवळात न्यायला लावी.

लाइन लागेपर्यंत मोडेम किंचाळे. श्रीपाद कान झाकून घेई, पण खुर्ची सोडत नसे. बाई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवत: वेळेवर कसं पोचायचं, काम समजलं नाही तर कोणाला विचारायचं, जेवणाच्या सुट्टीत काय करायचं. सगळ्यात जास्त सराव स्वतःची ओळख करून देण्याचा. आठ महिन्यांनी कल्याणच्या एका औषधांच्या व्यापाऱ्याने त्याला मुलाखतीला बोलावलं. गोदामातल्या मालाच्या मुदतीच्या तारखा कॉम्प्युटरवर तपासायचं काम. मुलाखत उद्याच, सोमवारी होती.

"नोकरी? हा?" सुमतीबाई हसल्या होत्या. "कोथिंबीर आणायला पाठवलं तर काड्या मोजत बसेल तो!"

आज त्यांना वेगळीच घाई होती. ठाण्याच्या वर्तकनगरला राहणारा त्यांचा भाचा त्र्यंबक अगदी श्रीपादसारखाच. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीचे वडील, आंबिवलीचे सहदेवराव, चौकशीसाठी येणार होते.

"दोन शब्द चांगले बोल," त्यांनी सुनेला बजावलं. "तुझा संसार बघितला की त्यांचा जीव भांड्यात पडेल. आणि ह्याला आतच राहू दे."

सहदेवराव आले, पोहे खाल्ले. सुमतीबाई म्हणाल्या, "आमचा त्र्यंबक म्हणजे देवमाणूस. जरा अबोल, इतकंच."

तोच शब्द. हेमाने हातातली ताटली टेबलावर ठेवली.

"तुम्ही काय म्हणता, सूनबाई?" सहदेवरावांनी विचारलं. "मुलीचा बाप आहे. चार ठिकाणी विचारावं लागतं."

"मला कशाला? ह्या घरच्या मुलालाच विचारा की." तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. "श्रीपाद, बाहेर ये. पाहुण्यांना तुझी ओळख करून दे."

"अगं, त्याला कशाला…"

श्रीपाद येऊन उभा राहिला. पाहुण्यांच्या खांद्याकडे बघत म्हणाला, "नमस्कार. मी श्रीपाद प्रभाकर खांबेटे. मला ऑटिझम आहे. मला डोळ्यांत बघून बोलता येत नाही. मोठा आवाज सहन होत नाही. तारखांमधल्या चुका मला लगेच दिसतात. काही विचारायचं असेल तर विचारा."

सहदेवरावांनी कप खाली ठेवला. "आणि त्र्यंबकराव?"

"तो माझ्यासारखाच आहे. मावशी म्हणते, लग्न झालं की बरा होईल. मी झालो नाही."

"श्रीपाद!" सुमतीबाई ओरडल्या. त्याने कान दाबले, पण तो आत गेला नाही.

सहदेवरावांनी हळू आवाजात विचारलं, "ह्यांना लग्नाआधी सांगितलं होतं?"

"नाही. हेमाला सांगितलं नव्हतं." तो थांबला. "मलापण कोणी विचारलं नव्हतं."

हे वाक्य सरावातलं नव्हतं. हेमा त्याच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं तिने ज्या फसवणुकीचा राग जपला होता, तिच्यात तिच्या लेखी फसलेली ती एकटीच होती. श्रीपादला तिने कधी आपल्या बाजूला उभंच केलं नव्हतं.

सहदेवराव उठले. श्रीपादला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. "माझी सरोज वाचली," एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले.

"सूड घेतलास," सुमतीबाई म्हणाल्या.

"घेतला. आणि बहिणीलाही कळवा: दुसरी मुलगी बघाल, तर तिच्याही दारात मी उभी राहीन."

"आणि ह्याचं कोण करणार?"

हेमा श्रीपादकडे वळली. "मला ह्या घरात बायको म्हणून राहायचं नाही. तुझं काय म्हणणं आहे?"

"त्याला काय कळतंय…"

"आई, मी त्याला विचारलंय."

"मला विचार करायला वेळ लागेल," श्रीपाद म्हणाला.

"घे," हेमा म्हणाली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. सुमतीबाई उभ्याच राहिल्या.