शेवटच्या दुपारचं वाक्य

थोरलीने इंग्रजी साहित्य घेतलं, तेव्हा वायरमन बापाने कपाळाला हात लावला. "इंग्रजी शिकून काय राणीला पत्रं लिहिणार?" पण शेवटच्या वर्षी सहा महिने ऑफिसात काम करायचं असतं आणि तिथे जम बसला की नोकरी लागते, हे कळल्यावर तोही गप्प बसला.

कॉलेजने तिला एका मोठ्या हॉस्पिटलच्या तक्रार विभागात पाठवलं. तळघरात बिनखिडकीची खोली, दोन टेबलं आणि दर चौथा कागद चावणारा प्रिंटर. विभागाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची. दोन शब्द लिहायचे नाहीत. 'चूक' आणि 'आमच्यामुळे'. बाकी सगळी डिक्शनरी तुझी."

थोरलीचा हात पटकन बसला. कुठे थांबायचं, गेलेल्या माणसाचं नाव कुठे पुन्हा घ्यायचं, हे तिला आपोआप कळायचं. तिची पत्रं गेली की लोक उलट लिहीत नसत. मॅडम खूश होत्या.

पाचव्या महिन्यात एक फाइल आली. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी आलेला माणूस तिसऱ्या दिवशी गेला होता. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं, अमुक औषध याला चालत नाही. आत, तेच औषध दिल्याची नोंद. बायकोची तक्रार चार ओळींची होती.

थोरलीने तीन वेळा खोडलं. मग लिहिलं, 'शेवटच्या दुपारी ते तुमच्याबद्दल बोलत होते, असं परिचारिकांना आठवतं.'

"असं कोण म्हणालं?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही. पण बोलले असतीलच ना."

मॅडमनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही ठोकली.

पंधरा दिवसांनी दुपारी एक बाई दारात उभ्या राहिल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं पत्र. "हे कुणी लिहिलं? सुनेने वाचून अर्थ सांगितला."

मॅडमनी थोरलीकडे बोट दाखवलं. बाई तिच्यासमोर बसल्या. "दिराने वकील गाठला होता. मीच नको म्हटलं. इतक्या मायेने लिहिणाऱ्यांशी कसलं भांडायचं, बाळा?" मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "काय बोलत होते गं ते?"

समोरच्या कपाटात ती फाइल होती. मॅडमचं पेन थांबलं होतं.

"तुम्ही जेवलात का, विचारत होते," ती म्हणाली.

बाईंनी पदर तोंडाशी धरला. "इथे यायच्या आधी आठवडाभर आमचा अबोला होता. अगदी क्षुल्लक कारण. मला वाटायचं, तसेच रागात गेले." बराच वेळ त्या रडत राहिल्या. जाताना थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

दार लागल्यावर मॅडमनी कपाटातून फाइल काढून तिच्यावर 'निकाली' असा शिक्का मारला. "तुझ्या जागेसाठी वर शब्द टाकलाय," त्या म्हणाल्या. आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र हातात पडलं. वर्गात सगळ्यांत आधी नोकरी तिला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मॅडम गेल्यावर, तिने फाइलच्या पहिल्या पानाची आणि आतल्या नोंदीची झेरॉक्स काढली. पाकिटात घातली, बाईंचा पत्ता लिहिला. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभी राहिली. पाकीट टाकलं तर नवरा कशाने गेला ते बाईंना कळणार होतं, आणि त्यासोबत त्याचं ते शेवटचं बोलणंही जाणार होतं. असं तिने स्वतःला सांगितलं. नोकरी जाईल, हेही मनात होतंच. ते मात्र तिने स्वतःला सांगितलं नाही.

ती घरी आली. बाप जिन्यात शेजाऱ्यांना नेमणुकीचं पत्र दाखवत होता. त्याला इंग्रजीचं एक अक्षर लागत नव्हतं, तरी ओळीखाली बोट फिरवत होता. "या, साहेब!" तो ओरडला.

थोरली हसली, त्याच्या अंगावरून आत गेली, मोरीचं दार लावलं आणि पाकिटाचे बारीक बारीक तुकडे केले.

सोमवारी ती वेळेवर कामावर हजर झाली.