राक्षसाच्या आईचं दार

मी एक जुनी, पिवळी पडलेली गेमची कॅसेट आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर भित्री आहे.

माझ्या थोरल्या बहिणीत, म्हणजे पहिल्या भागात, एक वीर हातातल्या मुळ्याने राक्षसाला बदडतो. ती एवढी गाजली की हसून हसून अख्ख्या जपानच्या पोटात दुखलं म्हणे! मग मला बनवलं, दुसरा भाग. माझ्यात त्याच राक्षसाची आई सूड घ्यायला येते. मुळ्याचा फटका बसला की तिचं सैन्य शिंकत शिंकत पळतं.

मी कोझुएची. लहानपणी ती मला फुंकर मारून यंत्रात बसवायची. पुढे ती नोकरीला ओसाकाला गेली आणि मी आले तिच्या आजीच्या, तोकिएआजीच्या हाती. आजी बोटं दुखेस्तोवर खेळायची. पण खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवणारा माझ्या पोटातला सेल म्हातारा झाला. एकदा यंत्र बंद केलं आणि मी सगळं विसरले! आजी पुन्हा पहिल्यापासून लढली, शेवटच्या दाराशी पोचली आणि फोनवर म्हणाली, "कोझुए, नव्या वर्षाला ये गं. दार दोघी मिळून उघडू. तोवर मी हे बंद करत नाही."

तेव्हापासून मी जागी. वीज कडाडली की थरथर. मांजर आलं की थरथर. पण खरा काळ म्हणजे कोझुएच्या आईचा, मित्सुयोचा, व्हॅक्यूम क्लीनर.

वर्षअखेरच्या सफाईला तो घुर्र करत आलाच. एक धक्का आणि मी खलास! बोटभर अंतरावरून गेला मेला. तेवढ्यात वायर पुरेना म्हणून मित्सुयो दुसरा प्लग शोधू लागली. तिने माझ्या यंत्राच्याच वायरीला हात घातला. आत राक्षसाची आईसुद्धा भिऊन मुळावीराला बिलगली, खोटं नाही सांगत!

"मित्सुयो, हात काढ!" आजी स्वयंपाकघरातून धावली.

"आई, कधीपासून जळतोय यंत्राचा हा दिवा. वीज काय फुकट येते?"

"तुझी लेक येईस्तोवर थांब. एवढा एक कोपरा राहू दे मळका."

"आणि पाहुणे काय म्हणतील?"

"राक्षसिणीच्या दारात उभी आहे मी, मला कसले पाहुणे!"

मित्सुयोने हसू दाबलं आणि तो कोपरा केरसुणीने झाडला.

संध्याकाळी कोझुए आली. तिघी संत्री सोलत बसल्या. मग आजी आणि कोझुएने ते शेवटचं दार उघडलं.

"आजी, डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!"

"मला शिकवू नकोस, मार मुळा!"

राक्षसाची आई शिंकत शिंकत आडवी झाली.

"आता बंद करू?" कोझुएने विचारलं. माझं काळीजच थांबलं.

"कर. जिंकलो ना!"

खट्. अंधार. मी सारं विसरले. हे जे सांगितलं ना, ते मागाहून त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

डोळे उघडले तर समोर मित्सुयो, खेळायला बसलेली. "आई, वीराचं नाव काय ठेवू?"

"तुझंच ठेव. पण मग केर कोण काढणार?"

"तुम्ही!"

आता मित्सुयो निम्म्या वाटेवर आहे, दिवा जळतोच आहे, आणि व्हॅक्यूम क्लीनर आलाय आजीच्या हाती. आजीला तर चष्म्याशिवाय दिसत नाही!

म्हणून हात जोडते, मित्रांनो. झाडा, पुसा, पण वायर ओढायच्या आधी दिव्याकडे बघा. आत कुणीतरी मुळा धरून उभं असतं.