पंक्चर नव्हतंच

...काळं, रबरी, पावट्याच्या दाण्याएवढं — स्कूटरच्या व्हॉल्वचं ते टोपण खडूबरोबर तिच्या मुठीत आलं होतं, आणि फळ्यावर ‘कविता’ लिहून झाल्यावर तिला कळलं की सकाळी आपण ते जेवणाच्या टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकलं ते काही उगाच नव्हे. नवऱ्याने काल संध्याकाळी ते तिथे ठेवलं होतं. ठेवलं म्हणजे बोलता बोलता, नेमक्या वाक्याला, खिशातून काढून ठेवलं. तिने ते तळव्यात मागे ढकललं आणि ‘कविता’च्या खाली ‘कथा’ लिहिलं.

अकरावीचा नवा वर्ग. पहिला तास दरवर्षी हाच : साहित्याचे मुख्य प्रकार. कविता, कथा, कादंबरी, नाटक, निबंध, आत्मचरित्र. झोपेत उठवलं तरी घेईल ती. तिची युक्तीही ठरलेली — एकच साधी घटना घ्यायची आणि ती एकेका प्रकारात घालून बघायची. एरवी ती ‘बस चुकली’ घेते. बस चुकण्यात कुणाचं काही जात नाही. आज तोंडातून निघालं, “समजा, एका माणसाला घरी यायला उशीर झाला.”

वर्गाने माना वर केल्या. उशीर सगळ्यांच्या ओळखीचा.

“का झाला, मॅडम?” मागच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला. त्याला सगळे लांबू म्हणत होते, तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच तिलाही ते कळलं होतं.

“पंक्चर,” ती म्हणाली.

झालं. आता मागे फिरायची सोय नव्हती... तिचा नवरा आयुष्यभर आकड्यांत रमलेला माणूस, दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, आणि त्याला सांगता काही म्हणजे काही येत नाही. विनोद सांगायला बसला की शेवट आधी सांगून मोकळा. कुणाच्या लग्नाला जाऊन आला तर ‘होतं चांगलं’, कुणी वारलं तर ‘गेले बिचारे’, आणि उशीर झाला तर ‘ट्रॅफिक’. पाहुण्यांसमोर ती त्याची टर उडवायची, “ह्याला गोष्ट सांगायला लावा, लहान मुलं लगेच झोपतात,” आणि तो मान खाली घालून हसायचा. असा माणूस काल टेबलाशी बसला, पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि म्हणाला, “अगं, आज गंमतच झाली.”

गंमत? ह्याला?

...ऑफिसमधून निघाला तर पुढचं चाक बसलेलं. ढकलत ढकलत दुकानापर्यंत नेली, तर पंक्चरवाला जागेवर नाही. त्याची म्हातारी आई तेवढी शेंगा सोलत बसलेली, आणि तिला डोळ्यांनी धड दिसत नाही, तिने ह्यालाच कुणीतरी समजून झापलं — “आली का आठवण? बस आता मुकाट्याने!” हा मुकाट्याने बसला. बसून तिच्याबरोबर शेंगा सोलल्या. म्हातारी कुणाकुणाबद्दल विचारत होती आणि हा ‘बरे आहेत, बरे आहेत’ म्हणत होता. मग पंक्चरवाला आला, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा म्हणून येईना. तिथे तो थांबला. काल, टेबलाशी, तिचा नवरा चक्क थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि मग म्हणाला, “पंक्चर नव्हतंच! कुणीतरी हवा सोडली होती.” आणि खिशातून टोपण काढून टेबलावर ठेवलं. “हे लावायला विसरला बघ तो.”

ती हसली होती. हसू आलंच. आणि हसता हसताच तिच्या मनात पाल चुकचुकली.

कारण इतकी वर्षं मी काय शिकवतेय? आरंभ, मध्य, कलाटणी, शेवट. पात्रं मोजकी, प्रसंग एक, अनावश्यक काही नाही... आणि म्हातारी कशी नेमकी पाहिजे तिथे! खऱ्या उशिराला म्हातारी नसते. खरा उशीर रटाळ असतो. म्हणजे बसून बांधलंय हे, वाटेत, किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी घरात... बाई असेल. असू दे की शब्द मनात, घाबरायचं काय त्यात? बाई असेल. ह्या महिन्यात हा दुसऱ्यांदा उशीर, आणि पहिल्या वेळी साधं ‘ट्रॅफिक’ होतं आणि मी ते ऐकूनही घेतलं नव्हतं.

“मॅडम, नाटक करू?” लांबू उठलाच. शेजारच्याला खांद्याला धरून त्याने नवरा केलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “कुठे होतात इतका वेळ?” “पंक्चर.” “कुठल्या गल्लीतलं?” वर्ग खिदळला. तीही ओठ ताणून हसली, मुठीतलं टोपण रुतेपर्यंत.

“पण हा थापा मारतोय, मॅडम,” पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

“कशावरून?” प्रश्न जरा जोरातच गेला.

“नाटक आहे ना? खरं बोलणारा नवरा नाटकात कशाला लागेल?”

पोरगी हुशार होती. तोंडात मारल्यासारखं झालं, तरी तिने शाबासकी दिली आणि घाईने आत्मचरित्राकडे वळली. जे खरंच घडलं ते सांगणं. ते ओळखायचं कसं? ती बोलत गेली, आणि आपण कुणाविरुद्ध बोलतोय हे तिला चांगलंच माहीत होतं : खऱ्या आठवणीला शेवट नसतो, ती अडखळते, तिच्यात नको ते तपशील येतात, हवे ते निसटतात, जिथे सगळं नीट बसतं तिथे काहीतरी पाणी मुरतंय समजा. “कुणाला काल उशीर झाला? सांगा बघू.”

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. हळू आवाज. काल आजोबांचं औषध आणायला गेले, मॅडम, म्हणजे आधी दळण ठेवलं, नाही, दळण नंतर... चिठ्ठी घरीच राहिली, परत आले तर दाराला कुलूप, मग शेजारच्या काकूंकडे — त्यांच्याकडे एक मांजर आहे — हं, तर किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच, मग... मग काय झालं बरं... औषध मिळालं शेवटी. पण उशीर झाला. आई ओरडली.

“हे!” ती जवळजवळ ओरडली. “बघा, ह्याला म्हणतात खरं.” तिला त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं. त्या मांजरासाठी, त्या दळणासाठी. तिचं म्हणणं सिद्ध झालं होतं, आणि सिद्ध झालं म्हणून छातीत काहीतरी खचलं.

तास संपला. वर्ग बाहेर सांडला. मुलगी मात्र दप्तराचा पट्टा चाळवत टेबलाशी उभी.

“मॅडम... रागावू नका हं. ते मी रचलं होतं.”

“म्हणजे?”

“काल मी घरीच होते. तुम्ही म्हणालात ना, अडखळतं म्हणून... सोपं असतं. मध्ये मध्ये विसरायचं. आणि एखादं मांजर घालायचं.” ती मनापासून हसली, कौतुकाची वाट बघत.

मुलीला आपण काय उत्तर दिलं ते तिला आठवेना. छान म्हणाली असेल. सवयीने.

पुढचे तास तिने घेतले; कुणाला घेतले, कसे घेतले, देव जाणे. मधल्या सुटीत फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं, आणि काय विचारणार? ‘ती म्हातारी खरी होती का?’ नीट सांगितलं म्हणून खोटं म्हणावं, तर अडखळून सांगणारीही खोटी निघाली. मग ते ‘ट्रॅफिक’? ते सगळे ‘होतं चांगलं’, ‘गेले बिचारे’? ज्या एका शब्दाच्या उत्तरांवर मी इतकी वर्षं डोळे मिटून विसंबले ती तर सगळ्यात सोपी. त्यांना मांजरही लागत नाही.

संध्याकाळी इमारतीखाली त्याची स्कूटर उभी होती. आज वेळेवर! का? कालच्यामुळे? स्वतःचीच चीड आली तिला — उशिरा आला तरी फासावर, वेळेवर आला तरी फासावर. तिने इकडेतिकडे पाहिलं, चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने वाकली आणि पुढच्या चाकात हात घातला. चाक धुळीने, वंगणाने बरबटलेलं. बोटांना व्हॉल्व लागला.

उघडा. टोपण नव्हतं.

म्हणजे खरं होतं. पंक्चरवाला होता, विसरला होता, मग म्हातारीही असेल, शेंगाही असतील... आता हुश्श व्हायला हवं होतं. तिने वाट पाहिली, वाकूनच. आणि जो विचार आला तो असा : किती व्यवस्थित माणूस! पुराव्यासाठी टोपणही आठवणीने काढून ठेवलं.

बाई गं! ह्यापुढे काय दाखवलं म्हणजे पटेल मला? तिने पर्समधून टोपण काढलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा फिरवून घट्ट बसवलं, आणि मग लक्षात आलं की उद्या सकाळी त्याला ते दिसणार.

दार त्यानेच उघडलं. “आज तुला उशीर?”

“अरे, काय झालं माहितीये...” आणि ती सांगू लागली. खिडकीजवळची मुलगी, दळण, चिठ्ठी, मांजर. चांगलंच रंगलं. ‘रचलं होतं’ हे तिने शेवटासाठी राखून ठेवलं, त्याआधी क्षणभर थांबलीसुद्धा. लांबूचं नाटक गाळलं. स्कूटरही गाळली. सांगताना तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, हसतोय का बघत, आणि तिला एकदम आठवलं, काल तोही असाच बघत होता. गोष्ट सांगता न येणारा माणूस स्कूटरवरून रस्ताभर वाक्यं जुळवत आला असेल, तिला हसवायला. असेलही. किंवा...

तो हसला नाही. “मग?”

“मग काय? संपलं.”

“हं.” त्याची नजर खाली गेली. “हाताला काय लागलंय गं?”

तिने बोटं पाहिली. काळी, तेलकट.

“फळा पुसला ना,” ती म्हणाली. पटकन, एका दमात, न अडखळता.

त्याने साबणाची वडी तिच्यापुढे केली. ती नळाखाली हात धरून उभी राहिली, बोटांवरचा काळेपणा निघता निघेना, आणि पाठीमागे तो अजून उभा होता, गेला नव्हता. त्याने विश्वास ठेवावा, एवढंच, फक्त एवढंच तिला हवं होतं... आणि मागे वळून त्याच्याकडे बघायचा धीर होईना.