माझ्या पोटातला लाल बल्ब

मित्रांनो, बापूंनी एका पत्राला कधीच उत्तर दिलं नाही. माझी गोष्ट तिथूनच सुरू करायला हवी. ते पत्र १९८१ साली मुंबईहून जबलपुरात चेरीतालच्या आमच्या घरी आलं. बापू पत्र ओठांतल्या ओठांत वाचतात आणि मी त्यांच्या टेबलाशेजारीच उभा असतो, म्हणून ते मलाही ऐकू आलं.

"बापू, ही आमची नवी टेप. इथे सगळे वाहवा करून राहिले, म्हणून मला भीती वाटून राहिली. तू उगाच वाहवा करत नाहीस. ऐक, अन् जे खरं वाटेल ते लिही. तुझा नीलू."

मी गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. गिटारीतून निघणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो. तो मोठा करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं हे माझं काम. जन्मभर दुसऱ्याचा आवाज मोठा करणाऱ्याने स्वतःचं काही सांगावं का, याची मला खात्री नाही. पण मी रागावलेलो आहे, आणि राग गिळून बसलं की काय होतं ते मी या घरात फार वर्षं पाहिलं आहे.

माझा जन्म १९७३ सालचा. बापू तेव्हा सव्वीस वर्षांचे, संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामगार. चारचौघांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. सुट्टीच्या दिवशी ते वाचनालयात बसून रेडिओच्या जाड पुस्तकांतल्या आकृत्या वहीत उतरवून घेत. त्यांचा शाळेपासूनचा मित्र नीलकंठ, म्हणजेच नीलू, दीक्षितपुऱ्यात राहायचा. त्याच्याकडे गिटार होती, तीन साथीदार होते आणि 'धुआंधार' असं बँडचं नावही ठरलं होतं. ॲम्प्लिफायर तेवढा नव्हता. "बापू, तू बनव," तो म्हणाला. "मला कुठे जमते," असं बापू म्हणाले आणि त्याच संध्याकाळी कामाला लागले.

माझं अंग सागवानी दरवाजाच्या फळ्यांचं आहे. पोटातले काचेचे व्हॉल्व मोडीत निघालेल्या रेडिओंतले. ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार बापूंनी हाताने गुंडाळली. एकदा मध्येच कोणी हाक मारली, वेढ्यांची मोजणी चुकली, तेव्हा त्यांनी सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात केली. पाच-सहा वेढे इकडेतिकडे झाले असते तरी कुणाला कळलं नसतं. त्यांना कळलं असतं. मला चालू केलं की मी अर्धं मिनिट गप्प असतो. व्हॉल्व सावकाश तापतात, आत नारिंगी उजेड हळूहळू वाढतो आणि मगच मला कंठ फुटतो. घाई मला जमत नाही.

पहिला कार्यक्रम मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झाला. आरतीनंतर नीलूने पहिली तार छेडली आणि मांडवाच्या कनाती थरारल्या. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष अंबादासजी कानांवर हात ठेवून ओरडले, "अरे, आवाज कमी करा! मूर्ती हलून राहिली!" पोरं हसली. पण कार्यक्रम संपल्यावर तेच अंबादासजी माझ्याजवळ आले, माझ्या फळीवर टिचकी मारली आणि विचारलं, "हे कोणं बनवलं?" सगळ्यांनी बापूंकडे बोट दाखवलं. बापू खांबामागे सरकले.

नीलू मात्र प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांना खांबामागून ओढून काढी. "सांग, कसं झालं?" बापू जमिनीकडे पाहत सांगत, "तिसऱ्या गाण्यात तू लोकांकडे पाहून वाजवून राहिला होता." नीलू चिडायचा, दोन दिवस बोलायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी ते गाणं पुन्हा बसवायचा. मित्रांनो, त्या पाच-सहा वर्षांत मी जे वाजलो ते खरं होतं, कारण एक माणूस वाजवत होता आणि दुसरा त्याला खरं सांगत होता.

मग बँड मुंबईला गेला. नवी यंत्रं मिळाली, म्हणून मी मागे राहिलो. दोन वर्षांनी ते पत्र आलं.

बापूंनी ती टेप तीन वेळा ऐकली. बोटं वाऱ्यासारखी धावत होती, पण त्या सुरांत मला आमचा नीलू कुठे भेटला नाही. बापूंनाही भेटला नसावा. त्यांनी कागद घेतला, 'प्रिय नीलू' लिहिलं आणि पेन थांबलं. "मी कोण सांगणारा?" ते स्वतःशीच म्हणाले. "साधा कारखान्यातला माणूस." कागद फाटला. पुढच्या रविवारी दुसरा फाटला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नीलूचं दुसरं पत्र आलं नाही. बँड मोठा होत गेला, देशभर गाजला, आणि त्याच्या प्रत्येक नव्या गाण्यात बोटं अधिक धावत राहिली.

माझ्यावर आधी विणलेला रुमाल आला, मग फुलदाणी, मग टीव्ही. बापूंची बायको इंदू मला 'डब्बा' म्हणायची. टीव्ही भिंतीवर गेला तेव्हा माझ्यावर गव्हाच्या पिठाची कोठी आली. या दुर्लक्षाचा मला फारसा राग नाही. घर लहान होतं आणि पीठ रोज लागतं.

राग पुढच्या गोष्टीचा आहे.

२०१५च्या जानेवारीत बातमी आली की 'धुआंधार'चा निरोपाचा दौरा जबलपूरला संपणार, शहराबाहेरच्या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये, आठ हजार माणसांसमोर. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी घरी आली. वसुधा तिचं नाव, कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीची. पिठाची कोठी उतरवून तिने मला पाहिलं आणि टाळी वाजवली. "अंकल, यही चाहिए! सर का पहला एम्प्लिफायर! स्टेजवर बीचोबीच ठेवणार आम्ही."

बापूंना वाटलं, नीलू माझ्यातून वाजवणार. मलाही तसंच वाटलं. तीन आठवडे बापू माझ्यावर वाकून बसले. हात थरथरत होते, चष्मा नाकावरून घसरत होता, तरी प्रत्येक जोड त्यांनी नव्याने केला.

"काहून जीव काढून राहिले त्या डब्ब्यासाठी?" इंदूने विचारलं.

"नीलू वाजवणार आहे यातून."

"अच्छा! मग चष्मा तरी पुसा. उद्या शॉक लागून पडाल अन् मला एकटीला जावं लागंल गाणं ऐकायले."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मला मंचावर नेलं. माझ्या मागे काळ्या पेट्यांची मोठी भिंत होती. इतके भाऊबंद एका ठिकाणी मी कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात एका कामगाराने त्यांतली एक पेटी एका हाताने उचलून बाजूला केली, आणि मला कळलं की आत काही नाही. पुढे जाळी, मागे पोकळी. सगळ्या तशाच. खरा आवाज मंचाखालच्या एका लहानशा यंत्रातून आणि त्याला जोडलेल्या लॅपटॉपमधून यायचा होता.

मग त्यांनी माझी पाठ उघडली. "भैया, ये काँच-वाँच निकाल दो," एक जण म्हणाला. "टूट गया तो बुड्ढा रोएगा. अंदर लाल बल्ब डाल दो, कैमरे में मस्त दिखेगा."

माझे व्हॉल्व उपटून चहाच्या कागदी पेल्यात टाकले. माझ्या पोटात एक लाल बल्ब बसवला. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडायचं होतं, पण माझा गळाच त्या पेल्यात पडला होता.

संध्याकाळी दिवे मालवले गेले. आठ हजार माणसं एका आवाजात ओरडली. बटण दाबताच मी लाल झालो, एकदम, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिसऱ्या रांगेत इंदूच्या शेजारी बापू बसले होते. मी बापूंकडेच पाहत होतो. तो उजेड पाहताच त्यांचं हसू विझलं. व्हॉल्व असे पेटत नाहीत, हे त्या अख्ख्या स्टेडियममध्ये त्यांना एकट्याला ठाऊक होतं.

नीलू आला. पांढरे केस, काळं जाकीट. गाणं जुनंच होतं, आमच्या घराच्या गच्चीवर बसवलेलं. मी त्याच्या मागे होतो, म्हणून मला त्याचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता, बापूंच्या हातासारखाच. गिटारचा आवाज त्याने स्वतःच गुपचूप बंद करून टाकला होता. तरी सूर येत होते, स्वच्छ, वेगवान, तरुण. आधी कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेले. गाण्याच्या मध्यावर त्याने उजवा हात उंच करून लोकांना अभिवादन केलं. हात हवेत होता आणि गिटार वाजतच होती. आठ हजार फोन वर झाले, टाळ्या पडल्या. बापू आपल्या बुटांकडे पाहत बसून राहिले.

त्याच्या थरथरीचा मला राग नाही. माझाही आतला पत्रा गंजला आहे. राग याचा, की त्याने ती थरथर लपवली आणि ती झाकायला मला पुढे उभं केलं.

कार्यक्रम संपल्यावर बापू मला न्यायला मंचामागे आले. नीलूने गर्दी बाजूला सारून त्यांना मिठी मारली.

"बापू! सांग, कसं झालं?"

मी वाट पाहिली. बापूंचे ओठ हलले. "छान," ते म्हणाले. "छान झालं."

नीलू त्यांच्याकडे पाहत थांबला, आणखी काही येईल अशा आशेने. "अच्छा," तो म्हणाला. "चलो." आणि गर्दीने त्याला परत ओढून घेतलं. मित्रांनो, माझा सगळ्यात मोठा राग त्या 'छान'वर आहे. ज्याने तारेचा एक वेढा चुकू दिला नाही, त्याने मित्राच्या तोंडावर खोटा शब्द ठेवला.

परतताना मालवाहू ऑटोत इंदू माझ्या शेजारी बसली होती. कामगारांकडून मागून घेतलेला व्हॉल्वचा पेला तिने मांडीवर धरला होता.

"छान झालं म्हणता? तिकडे तर मान खाली घालून बसले होते, जसं कोणाच्या मयतीले आले."

"सगळ्यांसमोर काय सांगू?"

"मग घरी बसून लिहा. मुंबईले गेल्यावर त्या माणसानं दोनदा विचारलं तुम्हाले. एकदा कागद फाडले, एकदा खोटं बोलले. मी बाई पीठ मळणारी, मले एवढं समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वसुधाला फोन लावला. "बेटा, नीलकंठजी का पता दो. ऑफिस वाला नहीं, घर का." मग ती मटाराच्या शेंगा घेऊन दारातच बसली. "फाडाल तर पहा," म्हणाली. बापूंनी आधी लाल बल्ब काढून व्हॉल्व माझ्या पोटात परत बसवले, मग लिहायला घेतलं. त्यांचे ओठ हलत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"प्रिय नीलू, हे तुझ्या १९८१च्या पत्राचं उत्तर. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला. ती टेप मला आवडली नव्हती. तू लोकांना दाखवण्यासाठी वाजवत होतास. हे तेव्हा लिहिलं असतं तर तू दोन दिवस चिडला असतास आणि तिसऱ्या दिवशी ऐकलं असतंस. काल मी छान म्हणालो, ते खोटं. काल तू वाजवलंच नाहीस. मला फार राग आला, अजून आहे. तुझा हात थरथरतो. माझाही थरथरतो, ते या अक्षरांवरून दिसेलच. मग हळू वाजव. चार सूर कमी वाजव, चुकीचे वाजव, पण तू वाजव. चेरीतालला ये. ॲम्प्लिफायर चालू आहे. ऐकून मी खरं सांगेन. बापू."

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी यंत्रं असतील, जुनी माणसंही असतील. त्यांना पुसून, सजवून, दिवा लावून कोपऱ्यात उभं करू नका. त्यांना काम द्या. बिघडलं तर बिघडलं म्हणा. आणि कोणी तुम्हाला मनापासून 'कसं झालं' असं विचारलं, तर त्याला चौतीस वर्षं ताटकळत ठेवू नका. एवढीच माझी विनंती. ती करायची माझी लायकी आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

बापूंनी पाकिटावर तिकीट लावलं, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपालपेटीकडे निघाले. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि तसेच उभे राहिले. एक सायकल गेली, एक भाजीवाली गेली.

"अहो," इंदू दारातून ओरडली, "सोडा आता!"

त्यांनी बोटं उघडली.