गुलाबी ठिपके

देवराम आबांनी बुऱ्हाणपूरहून दराबा ही तिथली मिठाई आणून अख्ख्या गल्लीत वाटला, तेव्हा माझं डोकं फिरलं. आनंद कशाचा, तर माझ्या टॅबलेटवर त्यांची केळीची बाग एकजात हिरवी दिसली होती.

मी दापोऱ्यात ड्रोन उडवते. बागेवरून तो फिरवून आणला की फोटो जोडून नकाशा तयार होतो, आणि ज्या झाडाचं पान पिवळटलेलं असेल तिथे प्रोग्राम गुलाबी ठिपका टाकतो. यंदा आमच्याकडे हरण्या रोग आलाय. त्याला औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून जाळायचं, तेही लगेच, नाहीतर मावा नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि रोग सोबत नेते. आबांची बाग नवी, गुडघ्याएवढी. त्यांचं वर्षभराचं सगळं तिच्यावर. झाडं उपटायला त्यांनी माणसं सांगून ठेवली होती, पण हिरवा नकाशा बघितला आणि ती परत पाठवली.

गंमत अशी की हे काम आतापर्यंत मी जुन्या लॅपटॉपवर करायची. उन्हात त्याचा पडदा दिसायचा नाही, म्हणून तो दुकानात बदलून टॅबलेट घेतला. प्रोग्राम तोच, कंपनी तीच. फक्त टॅबलेट आल्यापासून कुणाच्याच बागेत ठिपका दिसेना. खोटं कशाला बोलू, आधी मलाही बरंच वाटलं. मग आमच्या बांधावरचं झाड आठवलं. वडिलांनी त्याला चिंधी बांधून ठेवली होती, इतकं ते उघड पिवळं होतं. टॅबलेटवर त्यालाही ठिपका नव्हता.

मी तशीच आबांकडे गेले आणि म्हटलं, नकाशावर विश्वास ठेवू नका, यात काहीतरी बिघडलंय. आबा ओट्यावर बसून हसले. मशीन नवी म्हणजे जुनीपेक्षा शहाणीच असणार, असं त्यांचं म्हणणं. मी हट्टच धरला तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"तुले आमचं चांगलं बघवत नाही का, तृप्ती?"

हे मला लागलं. लहानपणापासून ज्यांच्या अंगणात खेळले त्यांनी असं म्हणावं? त्यांच्या पत्नी कोकिळाकाकूंनी हातात दराब्याची वाटी दिली. ती मी रागारागात रिकामी केली आणि घरी येऊन ठरवलं की आज ठिपके सापडल्याशिवाय उठायचं नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवरचा मुलगा फार गोड बोलला. मॅडम, आपका डेटा एकदम सही है, एक बार बंद करके चालू कीजिए. बंद केला, चालू केला. प्रोग्राम काढून टाकला, परत भरला. पडद्याचा उजेड वाढवला, कमी केला. शेजारून मालूबाई डोकावून म्हणाली, नजर लागली असेल, मिरच्या ओवाळ. मी तिलाही ओरडले.

मग जरा शांत बसून विचार केला. हा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पातळ कागद. खाली शेताचा फोटो, वर ठिपके. म्हटलं, एकेक कागद काढून बघू. वरचा काढला, काही फरक नाही. तो परत ठेवून खालचा, म्हणजे फोटोच काढून टाकला, आणि पांढऱ्या पडद्यावर गुलाबी ठिपके उमटले. मी एकटीच खोलीत टाळी वाजवली.

ठिपके होते तर! लॅपटॉपवर मी त्यांचा रंग खालच्या फोटोत मिसळेल असा ठेवला होता, म्हणजे ठिपक्यातूनही पान दिसावं. तीच मांडणी टॅबलेटवर आली, पण त्याला हे मिसळणं जमतच नव्हतं. खाली फोटो आला की तो ठिपके सरळ गाळून टाकायचा, आणि तसं सांगायचाही नाही. नुसत्या पांढऱ्यावरचे ठिपके घेऊन शेतात कुठलं झाड ओळखणार? म्हणून मी रंग मिसळणं बंद केलं, ठिपक्यांच्या जागी जाड रेघेचे पोकळ गोल केले आणि फोटो परत खाली टाकला. आमच्या बांधावरच्या चिंधीवाल्या झाडाभोवती गोल आला. आबांच्या बागेतही आले, मधोमध.

ऊन उतरायच्या आत मी आबांना गाठलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. टॅबलेटवरचे गोल बघितले, चप्पल घातली आणि माझ्यापुढे चालू लागले.

पहिल्या गोलाच्या झाडाचं कोवळं पान पिवळ्या रेघांनी भरलं होतं. आबांनी ते स्वतः उपटलं. दुसरंही तसंच निघालं, तिसरंही. प्रोग्राम खरा ठरत होता आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. मग सहज माझी नजर शेजारच्या एका झाडावर गेली. त्याच्याभोवती गोल नव्हता, पण त्याचं शेंड्याचं पान खुडलेलं होतं. ढोरानं खाल्लेलं नव्हे, नीट हातानं मोडलेलं. त्याच्या पलीकडेही एक तसंच.

मी आबांकडे बघितलं. ते हाताची माती झटकत राहिले.

"मीच तोडले," ते म्हणाले. "तुझा ड्रोन यायच्या आधी. बांधावरनं कुणाले दिसलं असतं तर म्हणाले असते, पूर्ण बाग उपट. मग तुझ्या मशीननं बी हिरवं दाखवलं. मले वाटलं, देवानं ऐकलं."

दिवसभर मी भांडायची तयारी करून बसले होते. आता मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली, कारण त्या मोडलेल्या झाडांमध्ये रोग तसाच बसून होता. मी हळूच सांगितलं, आबा, जे पान ड्रोनला दिसलंच नाही त्याचा गोल मी कुठून आणू? ही झाडं फक्त तुम्हाला माहीत आहेत.

बागेत कुणी नव्हतं. त्यांनी मनात आणलं असतं तर घरी निघून गेले असते आणि मला काहीही सिद्ध करता आलं नसतं.

"काढ ते मशीन," आबा म्हणाले.

ते ओळीओळीतून चालायला लागले. ज्या झाडापाशी थांबत, त्याच्यावर हात ठेवत, आणि मी नकाशावर तिथे बोटानं गोल काढत असे. पलीकडच्या बांधापर्यंत पोचलो तेव्हा ड्रोनपेक्षा त्यांचे गोल जास्त झाले होते. एकूण किती झाले ते बघायला मी थांबले, तर त्यांनी मान हलवली.

"मोजू नको," ते म्हणाले. "अजून हायेत. टाकत चल."